धावपळीतली त्वचा आणि मेडिकलमधली ट्यूब

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईतल्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्वचेकडे बघायला सकाळी चार-पाच मिनिटे मिळतात, आणि रात्री जर्नल पूर्ण करून डोळे मिटायला लागलेले असताना तेवढीही मिळत नाहीत. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या दहा-दहा बाटल्यांच्या दिनक्रमाला या वेळापत्रकात जागाच नाही, आणि माझ्या मते ते बरेच आहे. मी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे वर्गातल्या, डब्यातल्या आणि सोसायटीतल्या मैत्रिणी मला सतत काही ना काही विचारत असतात: हे लावू का, ते थांबवू का, अमुक क्रीम चांगले का. विशीतल्या निरोगी मुलामुलींची त्वचा काही न लावल्यामुळे फारशी बिघडत नाही, ती बहुतेक वेळा भलतेच काहीतरी लावल्यामुळे बिघडते, असे या प्रश्नोत्तरांतून माझे ठाम मत झाले आहे. त्यामुळे काय लावावे हे मी थोडक्यात सांगणार आहे आणि काय लावू नये यावर जास्त वेळ घेणार आहे.

सुरुवात साबणापासून करणे भाग आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्या फटींमध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले भरलेली असतात. विटांच्या भिंतीत सिमेंट असावे तशी ही रचना आहे. आतले पाणी उडून जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत न घेणे ही तिची दोन कामे. या थराचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्याचा पीएच साधारणपणे ४.५ ते ५.५ च्या दरम्यान राहतो. नेहमीचा अंगाचा साबण मात्र मुळातच अल्कधर्मी असून त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. असा साबण चेहऱ्यावर दिवसातून चार वेळा चोळला की फटींतली स्निग्धता निघून जाते, आणि धुतल्यानंतर जो ताण जाणवतो त्याला आपण स्वच्छता समजून खूश होतो. साबणाच्या वेष्टनावर 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के' असे छापलेले पाहून तो सौम्य असावा असा अनेकांचा समज असतो. टीएफएम म्हणजे साबणातील एकूण स्निग्ध घटकांचे प्रमाण. भारतीय मानकांनुसार पहिल्या श्रेणीसाठी ते किमान ७६ टक्के लागते. त्यावरून साबणात भेसळीचा भरणा कमी आहे एवढे कळते, त्याचा पीएच कळत नाही.

म्हणून चेहऱ्यासाठी साबणविरहित, सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट (साबणाऐवजी कृत्रिम सौम्य डिटर्जंट असलेली) प्रकारची वडी घ्यावी, तिचा वास आणि रंग जितका कमी तितका चांगला, आणि सकाळी एकदा व घरी परतल्यावर एकदा असा दोनदाच तिचा वापर करावा. मधल्या वेळी घाम आला तर साध्या पाण्याने तोंड धुणे पुरते. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते, तिथे हा फरक अधिक जाणवतो, कारण जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात आणि तो त्वचेवर राहून जातो. सिंडेटच्या बाबतीत असा साका होत नाही.

मॉइश्चरायझरबद्दल मी थोडक्यात आटोपते. आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने इतकी दमट असते की ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांनी तो वगळला तरी काही अडत नाही. एसी प्रयोगशाळेत दिवस काढणाऱ्यांनी, कोरडी त्वचा असणाऱ्यांनी आणि मुरमांवरची औषधे लावणाऱ्यांनी मात्र तो लावावा. त्यासाठी महागडे काही लागत नाही. ग्लिसरिन असलेले कोणतेही साधे, बिनवासाचे लोशन चालते.

सनस्क्रीनच्या बाबतीत लोकांचे सगळे लक्ष एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या, आकड्याकडे असते, आणि प्रमाणाकडे कोणीच पाहत नाही. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवते. म्हणजे ३० च्या वर गेल्यावर फरक अगदी थोडा उरतो. हे आकडे प्रयोगशाळेत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन काढलेले असतात आणि प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात. चेहरा आणि मान यांना पुरेल असे प्रमाण म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर लांबीभर काढलेल्या दोन रेघा. ते वजनात साधारण एक ग्रॅम किंवा थोडे अधिक भरते. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तरी दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी. ती जर दिवाळीपासून परीक्षेपर्यंत पुरत असेल, तर वेष्टनावरचा ५० हा आकडा तुमच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. त्यामुळे परदेशी कंपनीची छोटीशी बाटली काटकसरीने वापरण्यापेक्षा स्वस्त आणि मोठी ट्यूब सढळ हाताने वापरणे शहाणपणाचे ठरते. यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षण पीए या अक्षरांपुढच्या अधिक चिन्हांवरून कळते. हे किरण काचेतून आत येतात, म्हणून बसच्या खिडकीशेजारी बसणाऱ्यांनी ती चिन्हे अवश्य पाहावीत.

दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावावे हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, परंतु सलग प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी तो पाळणारा विद्यार्थी मी अद्याप पाहिलेला नाही. त्यापेक्षा दुपारी स्टेशनपासून महाविद्यालयापर्यंत चालताना छत्री उघडणे जमण्यासारखे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे भर दुपारी यूव्ही निर्देशांक ११ च्या आसपास किंवा वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ११ च्या पुढचा पट्टा सर्वांत तीव्र मानला जातो. पावसाळ्यात बाहेर पडताना आपण छत्री विसरत नाही, पण उन्हात ती उघडायला, विशेषतः मुलांना, का लाज वाटते हे मला कधीच उमगलेले नाही. आणखी एक गोष्ट आपल्या रंगाच्या लोकांसाठी महत्त्वाची आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात, आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. ज्यांना वांग किंवा मुरमांचे जुने डाग आहेत त्यांनी लोह-ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित रंगीत असे टिंटेड सनस्क्रीन निवडावे.

आता मुरमांकडे वळते, कारण मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे त्यांच्याबद्दलच असतात. मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत. पौगंडावस्थेपासून अँड्रोजन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक तेल तयार करू लागतात, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी साचून ती बंद होते, आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि त्यातून सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो; नळीच्या उघड्या तोंडाशी असलेले मेलॅनिन आणि हवेच्या संपर्कात आलेले तेल यांमुळे तो काळा दिसतो. तेव्हा तो खरवडून, अक्रोडाच्या कवचाच्या स्क्रबने घासून किंवा नखाने पिळून जाणार नाही. पिळल्यामुळे सूज खोलवर जाते आणि आपल्या त्वचेत सूज जिथे जिथे होते तिथे नंतर काळसर डाग उरतो. मुरूम आठवड्याभरात बसतो, डाग कित्येक महिने राहतो, आणि मुली बहुतेक वेळा ज्याला मुरूम म्हणून त्रासलेल्या असतात तो खरे तर हा डागच असतो.

परीक्षेच्या दिवसांत मुरूम वाढतात ही तक्रार काल्पनिक नाही. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठातील २२ विद्यार्थ्यांची परीक्षेच्या काळात आणि परीक्षा नसताना तपासणी केली, तेव्हा ताण जितका वाढला तितकी मुरमांची तीव्रता वाढलेली आढळली. पुढे २००७ मध्ये सिंगापूरमधील ९४ शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासातही ताण आणि मुरूम यांचा संबंध दिसला, परंतु ताणाच्या काळात चेहऱ्यावरच्या तेलाचे प्रमाण मात्र लक्षणीय वाढलेले नव्हते. म्हणजे इंटर्नलच्या आठवड्यात चेहरा अधिक वेळा धुऊन काही साधण्यासारखे नाही. खाण्याच्या बाबतीत तेलकट वडापावाला विनाकारण दोष दिला जातो. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांचा मुरमांशी संबंध अभ्यासांत अधिक दिसतो. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन सुरू केल्यानंतर मुरूम वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, तेव्हा ज्यांच्या छातीवर आणि पाठीवर अचानक फोड येऊ लागले आहेत त्यांनी त्या डब्याचा विचार करून पाहावा. केसांना भरपूर खोबरेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या उठतात, त्यामागे बहुधा ते तेलच असते. तेल लावायचेच असेल तर सुट्टीच्या दिवशी नहाण्यापूर्वी तासभर लावावे. आजीही नाराज होणार नाही आणि कपाळही.

औषधांपैकी सौम्य मुरमांवर सर्वाधिक भरवशाचे आणि स्वस्त औषध म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते २.५, ५ आणि १० टक्के अशा तीव्रतेत मिळते, आणि दुकानदार बहुधा ५ टक्क्यांची ट्यूब पुढे करतो; प्रत्यक्षात २.५ टक्क्यांचा परिणाम जवळजवळ तितकाच होतो आणि जळजळ कमी होते. जिवाणूंना त्याची सवय होत नाही हा त्याचा मोठा गुण. ते रंगीत कापडाचा रंग उडवते हा अवगुणही माहीत असावा, म्हणून हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी उशीला पांढरा अभ्रा घालावा आणि टॉवेलही पांढराच वापरावा. ॲडापलीन या दुसऱ्या औषधाने बंद झालेल्या नळ्या मोकळ्या होतात, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे आणि गरोदरपणात ते लावत नाहीत. ते फोडावर टिपक्यासारखे न लावता रात्री वाटाण्याएवढे घेऊन मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ पसरायचे असते. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते, लाल होते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खे सेमिस्टर. या काळातच बहुतेक जण कंटाळून औषध सोडतात आणि युट्यूबवर नवीन काहीतरी शोधतात. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक जेल एकटेच महिनोन्महिने लावत राहणेही चुकीचे आहे, कारण जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. डॉक्टर त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात ते यासाठीच. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट या तीन गोष्टी मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवाव्यात. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.

इथपर्यंतच्या गोष्टी चुकल्या तरी फारसे नुकसान होत नाही. खरी धास्ती मला वाटते ती मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या ट्यूबची.

जून उजाडला की भिजलेल्या जीन्समध्ये तीन-तीन तास लेक्चरला बसणे हे ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नशिबी येते. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत ओल राहते आणि तिथे कडेला लालसर, मध्ये फिकट असे खाजणारे गोल चट्टे उठतात. हे गजकर्ण. संकोचापोटी विद्यार्थी डॉक्टरांकडे जात नाही. तो स्टेशनबाहेरच्या दुकानात जाऊन हळू आवाजात "खाजेवर काहीतरी द्या" असे म्हणतो आणि त्याला एक ट्यूब मिळते. त्या ट्यूबमध्ये अनेकदा तीन प्रकारची औषधे एकत्र असतात: बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखे तीव्र स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि विद्यार्थी ते नाव मित्रांनाही सुचवतो. प्रत्यक्षात घडलेले असते ते असे की स्टिरॉइडने त्या जागेची रोगप्रतिकारक प्रतिक्रिया दाबून टाकली. खाज ही त्या प्रतिक्रियेचा भाग असल्याने ती थांबली, आणि बुरशीला अडवणारे कोणी न उरल्याने ती आजूबाजूला पसरत राहिली. ट्यूब बंद केली की चट्टे पूर्वीपेक्षा मोठे होऊन परततात, म्हणून ट्यूब पुन्हा सुरू होते. काही महिन्यांनी चट्ट्यांचे मूळ रूप इतके बदललेले असते की अनुभवी डॉक्टरलाही ते चटकन ओळखता येत नाही, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी पातळ होऊन पांढरट-जांभळ्या रेघा पडतात. गजकर्ण पुढे बरे होते, या रेघा कायमच्या राहतात.

या प्रकाराला आपल्या देशात एक मोठी पार्श्वभूमी आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात गजकर्ण पूर्वीसारखे सरळ राहिलेले नाही. ते चिवट झाले आहे, पुन्हा पुन्हा उलटते आणि घरातल्या सगळ्यांना होते. त्यामागे असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र प्रजातीचे नाव देण्यात आले. तिच्या अनेक वाणांमध्ये अशी जनुकीय उत्परिवर्तने आढळतात की टर्बिनाफिन या एकेकाळच्या हुकमी गोळीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. आता ही बुरशी इतर देशांतही आढळू लागली आहे. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे या साथीमागचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत आणि त्यांच्या आयएडीव्हीएल या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध खास कृतिगट नेमलेला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे कागदोपत्री ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होते हे कोणत्याही नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते. मी उद्या याच काउंटरच्या पलीकडे उभी राहणार आहे, त्यामुळे दुकानदाराला शिव्या देऊन मोकळे होणे मला जमत नाही. गिऱ्हाईक घाईत असते, त्याला दोन दिवसांत आराम हवा असतो, आणि शेजारचा दुकानदार ती ट्यूब देणारच असतो. तरीही ती देणे चूकच आहे.

ट्यूब ओळखणे अवघड नाही. वेष्टनावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचे औषध आहे असे समजावे. त्यानंतर मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव सोडून खाली बारीक अक्षरांत दिलेले घटक वाचावेत. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन अशी 'सोन'ने संपणारी नावे, आणि त्याबरोबर क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसले, तर त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. एक्झिमा, सोरायसिस यांसारख्या आजारांत हीच औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, ठरावीक जागी वापरली की अतिशय उपयोगी पडतात, तेव्हा ज्यांना ती चिठ्ठीवर मिळाली आहेत त्यांनी हे वाचून घाबरून ती बंद करू नयेत.

हीच ट्यूब चेहऱ्यावर येते तेव्हा गोष्ट अधिक बिकट होते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड या तिघांचे मिश्रण वांगावर थोड्या काळासाठी देण्याची पद्धत १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलेल्या सूत्रापासून सुरू झाली. आपल्याकडे तिची मिश्रणे गोरे होण्याची क्रीम म्हणून मावशीकडून भाचीकडे, रूममेटकडून रूममेटकडे जातात आणि वर्षानुवर्षे लावली जातात. सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळ आणि नितळ दिसतो, आणि लग्नसराईत त्याचे कौतुकही होते. नंतर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा जळतो, मुरूम येतात, गालांवर लव वाढते, आणि क्रीम एक दिवस चुकले की सगळे उसळून येते. अशा वेळी क्रीम स्वतःच्या मनाने एकदम न सोडता डॉक्टरांकडे जावे, कारण ते कसे उतरवत आणायचे हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते.

पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीमबद्दल तर याहून अधिक सावध राहायला हवे, कारण त्यांत पारा असू शकतो. पारा मेलॅनिन तयार करणारे टायरोसिनेज हे विकर रोखतो, म्हणून रंग उजळतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना स्थानिक ब्युटिशियनने दिलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडकीस आले होते. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांमध्ये अनवधानाने राहिलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत यांपैकी काहीच नसेल, तर ते क्रीम कितीही गुणकारी म्हणून ऐकलेले असो, कचऱ्यात टाकावे. असे क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर थेट डॉक्टर गाठावा. एका मोठ्या कंपनीने २०२० मध्ये आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला. आमच्या वर्गातल्या मुलींच्या घरी येणाऱ्या स्थळांच्या अपेक्षांमध्ये मात्र अजून तसा काही बदल झालेला दिसत नाही.

पुन्हा पावसाळ्याकडे येते. गजकर्णापासून बचावाचे उपाय कंटाळवाणे असले तरी तेच खरे उपाय आहेत. बॅगेत अंतर्वस्त्रांचा आणि मोज्यांचा कोरडा जोड ठेवावा, जुलै-ऑगस्टमध्ये जीन्सऐवजी सैल सुती पँट किंवा सलवार वापरावी, टॉवेल कोणालाही देऊ नये आणि कोणाचा घेऊ नये. ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि शेवटी आपण ते दमटच घालतो. अशा वेळी कपडे उलटे करून शिवणींवरून गरम इस्त्री फिरवावी. ज्याला गजकर्ण झाले आहे त्याचे कपडे वेगळे धुवावेत. डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी मलम चट्टा दिसेनासा झाल्यावरही त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, साधारणपणे आणखी दोन आठवडे, लावत राहावे. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. पाठीवर किंवा छातीवर फिकट, बारीक कोंड्यासारखा पापुद्रा असलेले ठिपके आले तर ती शिबं असतात. तीही बुरशीच, पण मालासेझिया ही वेगळी आणि एरवीही आपल्या त्वचेवर राहणारी. ती एकमेकांपासून लागत नाहीत, आणि उपचार पूर्ण झाले तरी फिका रंग भरून यायला काही महिने लागतात, म्हणून औषध लागू पडले नाही असा समज करून घेऊ नये.

नेरूळ, खारघर, कामोठे इथल्या हॉस्टेल आणि पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी खरजेबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि खोलीतल्या दुसऱ्या मुलीलाही तीच तक्रार, एवढे जुळले की खरजेची शंका घ्यावी. त्वचेत बीळ करून राहणाऱ्या अतिसूक्ष्म किडीमुळे ती होते, अस्वच्छतेमुळे नाही. प्रथमच लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे आज ज्याला काहीच होत नाही तोही किडे बाळगून असू शकतो. म्हणून खोलीतल्या सर्वांनी एकाच रात्री उपचार करावे लागतात. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत, नखांखाली आणि बेचक्यांतही लावून आठ ते बारा तास ठेवतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून काही दिवस बाजूला ठेवावे, कारण ही कीड माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून अधिक सहसा जगत नाही. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, आणि नेमक्या त्याच काळात पुन्हा ती स्टिरॉइडची ट्यूब आणण्याचा मोह होतो.

डॉक्टरांकडे जायला वेळ आणि पैसे नाहीत हे कारण विद्यार्थी देतात आणि ते खोटे नसते. खासगी त्वचारोगतज्ज्ञाचे शुल्क पॉकेटमनीतून भरणे सोपे नाही. परंतु वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि नेरूळ व कामोठे इथेही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. बाह्यरुग्ण विभाग सकाळी गाठावा लागतो, म्हणून प्रॅक्टिकल नसलेला दिवस त्यासाठी राखून ठेवावा. जाताना चट्टे पहिल्यांदा उठले तेव्हाचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर न्यावेत, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या, रिकाम्या, मैत्रिणीकडून आणलेल्या, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. लाजेपोटी एखादी घरी ठेवली तर डॉक्टरांना दिसणारे चित्र अर्धवट राहते. तपासणीपूर्वी किती दिवस काहीही न लावता थांबायचे हे नोंदणीच्या वेळी किंवा फोनवर विचारून घ्यावे, कारण बुरशीच्या चाचणीसाठी चट्ट्याची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि आदल्या दिवशी मलम लावलेले असेल तर त्या सालीत बुरशी सापडत नाही.